बिनइंजिनाचे आकाशयात्री : रॉबर्ट क्रोनफेल्ड

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर उभे राहून कधी वर पाहा. एखादी घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढताना दिसेल. उन्हाने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि घार त्या हवेवर स्वार होते. इंजिन नसलेल्या विमानात, म्हणजे ग्लायडरमध्ये बसून ही घारीची विद्या ज्यांनी आत्मसात केली, त्यांत रॉबर्ट क्रोनफेल्ड यांचे नाव फार वरचे आहे.

त्यांचा जन्म 5 मे 1904 रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांची कीर्ती मात्र शेजारच्या जर्मनीत झाली, आणि त्याला कारण होते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर कडक बंधने घातली. तेव्हा उडण्याचे वेड असलेली तरुण मंडळी इंजिनाशिवाय उडण्याच्या मागे लागली. ऱ्होन डोंगररांगेतील वासरकुप्पे हा 950 मीटर उंचीचा डोंगर त्यांची पंढरीच झाला. 1920 पासून तेथे दरवर्षी स्पर्धा भरू लागल्या. लाकूड आणि कापडाचे ग्लायडर, त्याला जाड रबरी दोर. दोन्ही बाजूंनी मुले तो दोर ताणत उतारावरून धावत आणि गलोलीतून खडा सुटावा तसा ग्लायडर हवेत सुटे.

पुढे काय? ग्लायडर सतत खालीच येत असतो. मात्र भोवतालची हवा त्याहून जास्त वेगाने वर जात असेल तर तिच्याबरोबर तोही वर जातो. वारा डोंगराच्या उतारावर आदळला की वर वळतो. त्या वाऱ्यात उतारासमोर येरझाऱ्या घालत तासन् तास तरंगता येत असे. पण डोंगर सोडला की संपले, ग्लायडर दरीत उतरायचा. खुंट्याला बांधलेल्या वासरासारखी ती स्थिती होती.

हा खुंटा सोडवणाऱ्यांत क्रोनफेल्ड होते. 1928 च्या स्पर्धेत वासरकुप्पेहून समोरच्या हिमेलडुंकबर्ग डोंगरापर्यंत जाऊन परत येण्याचे बक्षीस लावले होते. अंतर एका बाजूने सातेक कि.मी., पण मध्ये दरी. आकाशातला पांढरा, कापसासारखा ढग म्हणजे वर जाणाऱ्या हवेचा माथा, हे ध्यानात ठेवून क्रोनफेल्ड ढगाखाली गेले, तेथे उंची मिळवली आणि जाऊन परत आले.

पण वर जाणारी हवा दिसत नाही, मग ती ओळखायची कशी? त्या काळात त्यांच्या ग्लायडरमध्ये एक थर्मास असे. त्यात हवा कोंडलेली. ग्लायडर वर गेला की बाहेरचा दाब कमी होतो आणि थर्मासमधली हवा नळीवाटे बाहेर जाते, खाली आला की उलटे. नळीला जोडलेला काटा हे दाखवी. या यंत्राला व्हेरिओमीटर म्हणतात. ते ग्लायडरमध्ये वापरण्याची कल्पना विमान-आरेखक अलेक्झांडर लिपिश यांची. क्रोनफेल्ड यांनी ते गुपित ठेवले. कोणी विचारलेच तर थर्मासमध्ये कॉफी आहे असे सांगून वेळ मारून नेत, असे म्हणतात. मुख्याध्यापक असूनही एवढी थाप मला माफ करावीशी वाटते.

1929 हे वर्ष त्यांचेच. एका जर्मन वृत्तपत्राने 100 कि.मी. उडणाऱ्यास 5,000 मार्कांचे बक्षीस जाहीर केले होते. 15 मे रोजी ‘व्हिएन’ नावाच्या ग्लायडरमधून टॉयटोबुर्ग डोंगररांगेच्या कडेकडेने जात त्यांनी ते जिंकले. (2003 साली अँडीज पर्वतात एका ग्लायडरने 3,000 कि.मी.हून अधिक अंतर कापले, त्यावरून ही विद्या कुठवर गेली ते समजेल.) त्याच उन्हाळ्यात वासरकुप्पेहून ते वादळी ढगांच्या रांगेपुढे उडत जवळजवळ 150 कि.मी. गेले. 1926 मध्ये माक्स केगेल यांना असेच वादळ ओढून घेऊन गेले होते, पण ते नाइलाजाने. क्रोनफेल्ड समजून-उमजून गेले, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो.

1930 मध्ये त्यांना इंग्लंडमध्ये प्रात्यक्षिकांसाठी बोलावले. समुद्राजवळच्या साउथ डाउन्स टेकड्यांवरून ते पोर्ट्समथच्या बाजूला लांबवर उडत गेले आणि इंग्रजांनाही हा नाद लागला. 20 जून 1931 रोजी तर त्यांनी इंग्लिश खाडी एकाच दिवसात ग्लायडरने दोन्ही दिशांनी ओलांडली. विमानाने ओढून उंच नेऊन सोडायचे, पुढचे सारे इंजिनाविना. ‘डेली मेल’चे 1,000 पौंडांचे बक्षीस त्यांना मिळाले. 50 कि.मी. अंतर, 1,000 मीटर उंची मिळवणे आणि पाच तास हवेत राहणे या तीन गोष्टींसाठी जे रौप्यचिन्ह तेव्हा सुरू झाले, त्यातील क्रमांक दोन त्यांचा आहे. पहिला क्रमांक वोल्फ हिर्थ यांचा.

मग त्यांनी 30 मीटर पंखांचा ‘ऑस्ट्रिया’ हा अवाढव्य ग्लायडर उडवला. एवढ्या पंखांचा दुसरा ग्लायडर पुढे सुमारे सत्तर वर्षे झाला नाही. 1932 च्या ऱ्होन स्पर्धेत ढगात शिरल्यावर तो तुटला. क्रोनफेल्ड पॅराशूटने उतरले.

त्या डोंगरावरचे त्यांचे दिवस आता थोडेच उरले होते. जानेवारी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू माणसाला तेथील ग्लायडर संघटनांत जागा राहिली नाही. ज्या डोंगराला त्यांनी दरीपलीकडची वाट दाखवली, तोच त्यांना बंद झाला. ते ऑस्ट्रियात परतले आणि तेथून इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी छोटी, कमी शक्तीच्या इंजिनाची विमाने बांधण्याचा कारखाना चालवला. 1939 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात स्क्वाड्रन लीडर म्हणून त्यांनी लष्करी ग्लायडरच्या चाचण्या केल्या. त्यांना एअर फोर्स क्रॉस हे पदक मिळाले. जर्मनीने गमावलेले कसब जर्मनीविरुद्धच कामी आले.

युद्धानंतरही चाचण्यांचे काम सुटले नाही. 12 फेब्रुवारी 1948 रोजी हॅम्पशायरमध्ये शेपटी नसलेल्या जी.ए.एल. 56 या प्रायोगिक ग्लायडरची चाचणी चालू होती. हवेत तो ताब्याबाहेर गेला. बरोबरचा निरीक्षक पॅराशूटने सुखरूप उतरला. क्रोनफेल्ड यांना या वेळी बाहेर पडता आले नाही. तेव्हा त्यांचे वय 43 वर्षांचे होते.