कलामहर्षि बाबूराव पेंटर

कोल्हापुरानें दोन चित्रसंस्थांची चढाओढ पाहिली. दोहींचें मूळ मात्र एकच पुरुष होता. बाबूराव मेस्त्री १८९० सालीं येथेंच जन्मले. चुलत बंधु आनंदराव यांच्यासह त्यांनीं स्वदेशी कॅमेरा घडविण्यास आरंभ केला. आनंदराव १९१६ सालीं वारले. तथापि बाबूरावांनीं कार्य तडीस नेऊन महाराष्ट्र फिल्म कंपनी काढिली. रंगविलेल्या पडद्यांच्या जागीं त्यांनीं भरीव देखावे उभारले. १९२९ सालीं त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर बाहेर पडले आणि याच नगरींत ‘प्रभात’ निघाली. गुरु लहरीचे, शिष्य शिस्तीचे. सामना विषमच म्हणावा. बोलपट आले, गुरूची कंपनी मिटली. ‘प्रभात’ १९३३ सालीं पुण्यास गेली. पुढें १९४७ सालीं शांतारामांच्याच ‘राजकमल’मध्यें बाबूरावांनीं ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनांत भाग घेतला. १९५४ सालीं ते निवर्तले.