एक्सप्लेनर : विवाह नोंदणीच्या अर्जात वय आणि सही का महत्त्वाची? डॉ. रखमाबाईंच्या खटल्यातून समजून घ्या

मुंबई : लग्न झाले की दादरचे जोडपे जी उत्तर, तर परळचे जोडपे एफ दक्षिण विभाग कार्यालयात नोंदणीसाठी जाते. वयाचा पुरावा, दोघांच्या सह्या आणि तीन साक्षीदार. अनेकांना ही निव्वळ कागदपत्रांची कटकट वाटते. पण याच शहरात १४० वर्षांपूर्वी एका तरुणीला 'माझे वय आणि माझी संमती विचारात घ्या' हे सांगण्यासाठी हायकोर्टात उभे राहावे लागले होते.

कोण होत्या रखमाबाई?

जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न ११व्या वर्षी १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. मात्र त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या पाठिंब्याने घरीच शिकत गेल्या.

खटला काय होता?

पत्नीने नांदायला यावे, यासाठी दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. त्या काळी हिंदू विवाहाची सरकारी नोंद सक्तीची नव्हती. विधी झाले, नातेवाइकांनी पाहिले की लग्न पक्के. इथे लग्न झाले होते, यावर वाद नव्हताच. अजाण वयात, न विचारता लावलेले लग्न मोठेपणी बंधनकारक कसे, हा रखमाबाईंचा प्रश्न होता.

निकाल काय लागला?

१८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तरुण स्त्रीला अशी सक्ती करता येणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यावर मोठे वादळ उठले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने विरोध केला, तर बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या पाठीशी राहिले. त्याआधीच रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या टोपणनावाने बालविवाहावर पत्रे लिहिली होती.

अपिलात प्रकरण फिरले. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेऊन हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली.

पुढे काय झाले?

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या मदतीने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरत व राजकोटच्या महिला रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे काम केले. दरम्यान, खटल्याने पेटलेल्या चर्चेनंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचे संमतिवय १० वरून १२ झाले.

आज नियम काय?

- विवाहाचे किमान वय : मुलगी १८, मुलगा २१ (१९७८ च्या दुरुस्तीनुसार).
- महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी बंधनकारक. मुदत ९० दिवस. नोंदणी राहिली म्हणून लग्न रद्द होत नाही, पण पासपोर्ट, व्हिसा, वारसा अशा कामांत अडचण येते.
- १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी विवाह नोंदणीतही जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा. त्यामुळे बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्या.
- पत्नी किंवा पतीला नांदायला बोलावण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. मात्र आदेश न पाळल्यास तुरुंगात टाकता येत नाही.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी लागू झाला. किमान वय, घटस्फोट आणि नोंदणी, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी रखमाबाईंचे मुंबईत निधन झाले.