वाटांच्या भूमितीचा प्रवासी

कसारा मार्गावरील आटगावहून पदव्युत्तर गणिताच्या शिक्षणासाठी मुंबईस निघालेल्या विद्यार्थ्याची गाडी कल्याणला पुण्याकडून येणाऱ्या रुळांना मिळते. त्याच पुण्याच्या रुळांवरून ‘डेक्कन क्वीन’ने एक भूमितिज्ञ वर्षानुवर्षे मुंबईस ये-जा करीत असे. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. परंतु त्यांची उपजीविका गणितावर होती आणि उच्च भूमिती हे त्यांचे मुख्य क्षेत्र होते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली व बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते १९१८ मध्ये अमेरिकेस गेले, तेव्हा बालवयातील दामोदरही त्यांच्यासोबत होता. पुढे हार्वर्डमधूनच दामोदर १९२९ मध्ये सर्वोच्च गुणवत्तेसह बी.ए. झाले. जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या गणितज्ञांचा सहवास त्यांना तेथे लाभला. मात्र डॉक्टरेट न करताच ते त्याच वर्षी मायदेशी परतले. ज्या विषयात आज पदव्युत्तर वर्ग, मार्गदर्शक आणि प्रबंध अशी पायरीपायरीची वाट आहे, त्यात ते जवळजवळ स्वतःच्या बळावर शिरले.

काशी हिंदू विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून ते अलीगढला गेले. तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. याच काळात, १९३३ मध्ये, जर्मनीतील ‘माथेमाटिशे झाइटश्रिफ्ट’ या नियतकालिकात त्यांचा मार्ग-अवकाशांवरील निबंध प्रसिद्ध झाला.

नेहमीच्या भूमितीत आधी अंतर ठरते आणि मग दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधला जातो. कोसंबींनी हा क्रम उलटा केला. अंतर ठाऊक नाही, केवळ मार्ग ठाऊक आहेत आणि ते द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणांनी दिलेले आहेत, असे त्यांनी गृहीत धरले. मोजण्याची पद्धत बदलली तरी या मार्गांविषयी न बदलणारे असे काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता. शेजारून निघालेल्या दोन वाटा पुढे जवळ येतात की दुरावतात, हे त्यातून सांगता येते. एखादी प्रणाली स्थिर राहील की विस्कटेल, याच्या अभ्यासात ही पद्धती आजही वापरली जाते.

या निबंधाची योग्यता आधुनिक भूमितीचे अध्वर्यू एली कार्तां यांनी ओळखली. त्यांचे विवेचन त्याच अंकात, निबंधाला लागूनच छापले गेले. १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांनी हे सूत्र पुढे नेले. कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत या नावाने ते आज ओळखले जाते.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाल्यावर होमी भाभांनी कोसंबींना तेथे बोलावून घेतले. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठातही त्यांनी भूमिती शिकवली. पुढे मात्र त्यांचे मन संख्याशास्त्र आणि इतिहास यांकडे अधिक ओढले गेले. रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाशी निगडित लेखन त्यांनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यातील युक्तिवाद गणितज्ञांनी मान्य केला नाही, त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला आणि तो प्रश्न अद्यापही अनिर्णित आहे. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

एकट्याने चालण्याचे लाभ आणि मोल ही दोन्ही या आयुष्यात स्पष्ट दिसतात. रूढ वाट नसल्यामुळेच भूमितीकडे उलट्या बाजूने पाहण्याचे धैर्य त्यांना लाभले असावे. १९३३ मध्ये कार्तांसारखा जाणकार वाचक मिळाला, तेव्हा त्या धैर्याचा सिद्धांत झाला. उत्तरायुष्यात तशी कसोशीने केलेली तपासणी छपाईपूर्वी झाली असती, तर कदाचित ती चूक टळली असती. भूमिती आणि टोपॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासाला बसणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने कोसंबींचे स्वातंत्र्य घ्यावेच. परंतु आपले काम दाखवण्याजोगा एक जाणकारही शोधावा.