तोंडाने डागलेली तोफ

पहिल्या वर्षी फील्डक्राफ्टच्या तासाला उस्तादांनी आम्हाला ड्रिलच्या रायफली दिल्या. त्यांतून गोळी कधीच सुटत नाही. मग गोळीबार कसा करायचा? तोंडाने! आमचा अख्खा सेक्शन झुडपांमागे पडून ठो-ठो ओरडत होता आणि मला फार लाज वाटत होती. पुढे स्पाइक मिलिगनच्या युद्धाच्या आठवणी वाचल्या, तेव्हा कळलं की खऱ्या युद्धात खऱ्या तोफखान्यानेही हेच केलं होतं.

मिलिगन तसा आपल्याकडचाच. त्याचे आयरिश वडील ब्रिटिश तोफखान्यात होते. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्याचा जन्म झाला. बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं, मग कुटुंब इंग्लंडला परतलं. १९४० च्या उन्हाळ्यात लष्कराचं बोलावणं आलं आणि ट्रम्पेट वाजवणारा हा पोरगा बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावी ५६ व्या हेवी रेजिमेंटमध्ये गनर झाला.

दिवस वाईट होते. डंकर्कहून सैन्य सुटून आलं होतं, पण अडीच हजारांच्या आसपास तोफा फ्रान्समध्येच राहिल्या होत्या. जर्मन कधीही इंग्लिश खाडी ओलांडतील अशी धास्ती होती. त्यांना अडवायला मिलिगनच्या बॅटरीकडे होत्या पहिल्या महायुद्धातल्या ९.२ इंची हॉवित्झर. या तोफेचा एकेक गोळा १३० किलोचा. डागताना ती जागची उचलली जाऊ नये म्हणून पुढच्या लोखंडी पेटीत कित्येक टन माती भरावी लागे. एवढं अवजड धूड, आणि सरावाला गोळा एकही नाही! पण सराव थोडाच चुकतो? मिलिगनने लिहिलंय की कवायत सगळी नियमाने व्हायची आणि फायरचा हुकूम सुटला की सगळे गनर एका सुरात धडाम ओरडायचे. पलीकडच्या किनाऱ्यावर हिटलरची फौज आणि अलीकडे हा प्रकार. हे वाचताना मी रात्री पांघरुणात इतका हसलो की ड्यूटीवरच्या सीनियरने मला उठवून उभं केलं.

पुढे खऱ्या तोफा मिळाल्या, खरे गोळेही मिळाले. ट्युनिशियात एक हॉवित्झर धक्क्याने मागे सरकत थेट कड्यावरून खाली गेली. ती शोधत मिलिगन खाली उतरला, आणि कुणी तोफ पाहिली का म्हणून विचारत फिरला. तिथे त्याला हॅरी सीकम हा दुसरा गनर भेटला. युद्धानंतर या दोघांनी बीबीसी रेडिओवर पीटर सेलर्सबरोबर ‘द गून शो’ करून सगळ्या इंग्लंडला हसवलं.

मधली गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, मोंते कासिनोच्या लढाईत मॉर्टरने त्याचा पाय जखमी झाला आणि मनही कोलमडलं. लगेच परत तोफांपाशी पाठवल्यावर त्याला तो आवाज सोसेना, रडू यायचं. वरिष्ठाने त्याची फीत काढून घेतली. बेक्सहिलला स्वतःच तोफ होऊन ओरडलेला हाच तो मुलगा. मनाचा तो आजार त्याला पुढे आयुष्यभर छळत राहिला.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी तो वारला. बेक्सहिलपासून फार लांब नसलेल्या विंचेलसी गावात त्याची कबर आहे. आपण आजारी असल्याचं आधीच सांगितलं होतं, अशी तक्रार त्या दगडावर आयरिश भाषेत कोरलेली आहे.