परिचारिकांना वाट दाखविणाऱ्या रमाबाई

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीविषयी लिही, असे मंडळाने सांगितले, तेव्हा मी रमाबाई रानडे यांचे नाव घेतले. त्याला घरचे कारण आहे. ते शेवटी सांगते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकवावयास घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. रमाबाईंनी बोलणी सोसली, उलट उत्तर केले नाही आणि पाटीही खाली ठेवली नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे वारले. बाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. काही काळाने त्या घराबाहेर पडल्या. तुरुंगातील बायकांना व पुण्याच्या ससून रुग्णालयातील रोग्यांना भेटू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे विधवा व गरजू बायका शिकू लागल्या, आणि काहींना परिचारिकेचे शिक्षण ससूनमध्ये मिळू लागले.

त्या काळी परक्याच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी करणे, हे घरंदाज बाईचे काम मानीत नसत. बाळंतपण सुइणीवर सोपविलेले असे. रमाबाई व गोपाळ कृष्ण देवधर यांनी मुलींच्या राहण्याची सोय केली आणि पालकांचा विश्वास मिळविला. रोग्याची सेवा नुसत्या मायेने होत नाही, ती शिकावी लागते, हे त्यांनी समाजाला पटविले. १९२४ साली रमाबाई वारल्या. १९६२ मध्ये सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता घरचे कारण. धाकट्या जावेची मुलगी नर्स व्हायचे म्हणत होती, तेव्हा आपल्या घरात हे नको, असे म्हणणारी मीच होते. गेल्या वर्षी माझ्या लेकीचे बाळ दिवस भरण्याआधीच झाले. अमरावतीला त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. एक नर्स हात धुऊन, नळीने मोजून दूध देई आणि रात्रभर त्याच्या श्वासावर लक्ष ठेवी. मी तिला शिक्षण विचारले. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, कामाचा अनुभव आणि नवजात बाळांसाठी आणखी एका वर्षाची पदविका, असे तिने सांगितले. मी खाली मान घातली. माझ्याजवळही माया होती, पण त्या बाळाला हात कसा लावावा हे मला ठाऊक नव्हते.

आज नातू अंगणात रांगतो. पुतणी बारावी झाली आहे. तिचा फॉर्म भरायला मीच तिच्याबरोबर अमरावतीस जाणार आहे. तुमच्याही घरात एखादी अशी पोर असेल, तर बायांनो, तिला अडवू नका.