अंध ऑर्गनवादक फ्रान्चेस्को लांदिनी



भजनात पेटीवाला डाव्या हाताने भाता चालवतो, उजव्या हाताने सूर काढतो. चौदाव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स शहरी फ्रान्चेस्को लांदिनी मांडीवर छोटा ऑर्गन घेऊन असेच वाजवीत. वडील चित्रकार होते, असे जुना चरित्रकार सांगतो. लहानपणी देवी आल्या आणि मुलाची दृष्टी गेली. रंग पारखे झाले, तेव्हा तो गाण्याकडे वळला. अनेक वाद्ये शिकला, ऑर्गन जुळवण्यातही तरबेज झाला. १३६५ पासून २ सप्टेंबर १३९७ रोजी मरण येईपर्यंत लांदिनींनी सान लोरेन्झो चर्चमध्ये सेवा केली. थडग्याच्या शिळेवर त्यांच्या हाती तोच ऑर्गन कोरला आहे.

त्यांची दीडशेवर गीते उपलब्ध आहेत. बहुतेक प्रेमगीते, दोन वा तीन आवाजांची. हस्तलिखितांत वाद्यांची नावे नाहीत. त्यामुळे कोणता भाग गळ्याने गायचा, कोणता वाद्यावर वाजवायचा, हे आजच्या कलाकारांनाच ठरवावे लागते.

लांदिनींना स्वतःची स्वरलिपी कधीच पाहता आली नाही. डोळस माणसांनी ती उतरून ठेवली, म्हणून गीते टिकली. आपल्या वाडीतील म्हाताऱ्यांच्या ओठांवरची जुनी भक्तिगीते आज कोण उतरून ठेवणार?