दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, १९०७ - २९ जून, १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ व इतिहासकार होते. इतिहासकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र आजच्या वैज्ञानिक संगणनात नित्य वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीचा पाया त्यांनी १९४३ साली घातला, ही बाब त्या मानाने उपेक्षित राहिली.

जीवन

त्यांचा जन्म गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते १९२९ साली भारतात परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९४५ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. घर मात्र पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने ते मुंबईस ये-जा करीत.

गणित व संगणन

फर्ग्युसनमध्ये असताना त्यांनी फलनांच्या संख्याशास्त्रावर शोधनिबंध लिहिला. स्थळकाळानुसार बदलणारी गुंतागुंतीची राशी काही मोजक्या मूळ आकृतिबंधांच्या बेरजेत मांडता येते आणि त्यांपैकी प्रत्येकाचा वाटा किती हेही काढता येते, असे त्यात दाखवले होते. पुढील काही वर्षांत करहुनेन व लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले आणि पद्धतीस त्यांचीच नावे चिकटली. खळाळत्या प्रवाहांच्या अभ्यासात जॉन लम्ली यांनी ती १९६७ साली आणली. हवामान वा प्रवाहाचे प्रारूप जलद जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांवर चालवले, की निर्माण होणारी माहिती साठवणे व एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे हेच मोठे काम होऊन बसते. अशा वेळी थोड्या आकृतिबंधांत बहुतेक सारे सामावून घेणारी ही रीत उपयोगी पडते.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड व अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास केला. त्या काळी भारतात असे एकही यंत्र नव्हते. टाटा संस्थेत पुढे आर. नरसिंहन यांच्या गटाने 'टिफ्रॅक' हा संगणक उभारला; तो १९६० साली कार्यान्वित झाला. (ज्या पुण्यात कोसंबींनी वरील निबंध लिहिला, तेथेच १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला आणि नंतर निरनिराळ्या शहरांतील संस्थांचे संगणक 'गरुड' जालिकेने जोडले.)

अखेरची वर्षे

रीमान गृहीतकाची संभाव्यतेच्या आधारे सिद्धता दिल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या प्रतिष्ठेस धक्का बसला. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे वळावे, असेही ते उघडपणे मांडत. भाभांच्या संस्थेत हे रुचणारे नव्हते. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. १९६४ साली त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञपद मिळाले व ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेशी संलग्न झाले. दोन वर्षांनी, ५८व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले.